तत्त्वतः, हो

त्या खोलीच्या दारावर एक निळी पाटी होती आणि पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी वॉर्डातल्या प्रत्येक आईबापाला ती ओळखता येत असे. साधी खबर असली की डॉक्टर खाटेपाशी उभ्या उभ्याच सांगत: ताप उतरला, टाके सुकले, उद्यापासून दूध द्या. पण ‘जरा आत बसून बोलू या’ म्हणाले, की समजायचं, पुढ्यात काय वाढून ठेवलंय. आत दोन बुटके सोफे, टिशूचा खोका आणि भिंतीवर एका होडीचं चित्र. मागे एकदा कुणाचे तरी आजोबा, नातवाची खबर ऐकून झाल्यावर, बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले आणि म्हणाले, “हिची वल्ही कुठे गेली?” तेव्हापासून, डॉक्टरांचं इंग्रजी आईबापांना त्यांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाषीला त्या भिंतीकडे बघवत नसे.

तिची खुर्ची ठरलेली होती. आईबापांच्या शेजारी, पण अर्धा हात मागे. बोलणाऱ्यांनी एकमेकांकडे बघावं, तिच्याकडे बघू नये, म्हणून. तिच्या कामाचे नियम मोजकेच, पण पक्के. पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही. आणि बोलणाऱ्याचा ‘मी’ तो आपला ‘मी’. डॉक्टर म्हणाल्या, मला वाईट वाटतं, तर ‘डॉक्टरांना वाईट वाटतं’ असं नाही सांगायचं. ‘मला वाईट वाटतं’ असंच सांगायचं. एखादा बाप म्हणाला, मला वीट आला तुम्हा सगळ्यांचा, तर तोही वीट आपल्याच तोंडाने पलीकडे पोचवायचा. नवीन होती तेव्हा तिला हे फार जड जाई. दिवसभर दुसऱ्यांचे ‘मी’ तोंडात घोळवून घरी गेली, की ‘मला भूक लागलीय’ म्हणतानाही क्षणभर वाटे, कुणाला बरं लागलीय?

त्या दिवशी समोर मोठ्या डॉक्टर होत्या. उंचीने बुटक्या, पण हाताखाली दोन तरुण डॉक्टर असल्यामुळे त्यांना सगळे मोठ्या म्हणत. सोफ्यावर भुंग्याचे आईवडील. भुंगा हे चार वर्षांच्या मुलाचं घरचं नाव. जेवताना तो सारखा गुणगुणत असे, ओठ मिटून, एकाच सुरात. वडील बसडेपोत मेकॅनिक, आई एका दुकानात पडदे शिवायची. भुंग्याच्या मेंदूत, अगदी मागच्या अंगाला, गाठ होती. दोनदा डोकं उघडून काढली होती. उजवा हात तेव्हापासून लुळा पडला होता. तो हात भुंगा डाव्या हाताने उचलून, एखाद्या मांजरासारखा, मांडीवर ठेवत असे.

गाठ परत वाढलीय, हे सांगून झालं. आता औषध उरलं नाही, हेही झालं. मग बाप म्हणाला, “पुन्हा उघडून काढता येणार नाही का?”

दुभाषीने ते इंग्रजीत पलीकडे नेलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाल्या, तशी शक्यता आहे, पण ती ‘थिअरेटिकल’ आहे.

हा शब्द दुभाषीला परका नव्हता. कॉलेजात असताना तो जाड पुस्तकांत भेटायचा. थिअरेटिकल पाया, थिअरेटिकल चर्चा. तिथे तो मोठा विद्वान, मानाचा पाहुणा. पण हाच शब्द कामातल्या माणसाच्या तोंडी, दमलेल्या आवाजात आला, की त्याचा अर्थ एकच. नाही. डोक्यात मांडता येतं, जगात घडत नाही. आभाळाला शिडी लावायची तर किती लांब लागेल याचा हिशेब करता येतो. म्हणून कुणी सुताराला निरोप धाडत नाही. आपल्या भाषेत याला बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी म्हणतात, आणि तिच्या ओठांवर ते आलंही. पण ही म्हण हसणाऱ्यांची. जिचं मूल भिंतीपलीकडे निजलंय तिच्यासमोर ती कशी काढायची? दुसरं साधं वाक्य होतं: म्हणायला आहे, खरं पाहता नाही. कुणालाही कळलं असतं.

तेवढ्यात भुंग्याच्या आईने, समोर बघत असतानाच, मागे हात करून दुभाषीची बाही धरली. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं घट्ट झाली होती.

आणि दुभाषी शब्दकोशात जाऊन लपली.

“तत्त्वतः शक्यता आहे,” ती म्हणाली.

“आहे ना?” बाप पुढे सरकला.

तिने ‘आहे ना’ पलीकडे नेलं. डॉक्टर थकून म्हणाल्या, थिअरेटिकली, येस.

“तत्त्वतः, हो.”

शब्दाला शब्द. तागडीत घातले असते तर काटा हलला नसता. पण बापाने तागडीतून एकच वजन उचललं, ‘हो’, आणि मुठीत घट्ट धरलं. पुढे डॉक्टर बरंच बोलल्या. मी हा सल्ला देणार नाही. फार लांबलचक ऑपरेशन असतं. नंतर तो बहुधा श्वासाच्या नळीवरच राहील. शुद्धीवर येणार नाही, आला तरी बोलेल असं नाही. दुभाषीने त्यातला एक शब्दही गाळला नाही. पण बुडत्याच्या हाती एकदा काडी लागली, की काठावरून ओरडणाऱ्यांचं तो कशाला ऐकतोय! छत्रीवरून पाणी ओघळावं तसं ते सगळं त्याच्यावरून ओघळून गेलं.

“विचार करा, परवा सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “मी वाट बघते.”

बाहेर आल्यावर बाप खिशात हात घालून चक्क शीळ घालू लागला. आई मात्र दुभाषीजवळ रेंगाळली. हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, तो एक मोठा शब्द आला ना मध्ये... त्याचा अर्थ काय हो?”

खोलीबाहेर आजाराबद्दल बोलायचं नाही, हाही नियमच. आणि आज तो नियम किती सोयीचा वाटला याची दुभाषीला तिथल्या तिथे लाज वाटली.

“परवा आत विचारा ना. मी असेनच.”

“अगं अर्थ काय विचारतेस!” बाप मागे वळला. “एवढा जड शब्द कुणी उगाच वापरतं का? हलकंसलकं काही असतं तर हलकाच शब्द आला असता. डोकं चालव जरा.”

“तुमचं चालतंय तेवढं पुरे आहे,” आई म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावरही काहीतरी उजळलं होतं, आणि दुभाषीने ते पाहिलं.

वॉर्डात भुंगा उठून बसला होता. खिडकीपर्यंत मान पोचत नाही म्हणून रागावलेला. घरच्या खिडकीतून त्याला डेपोचं फाटक दिसे. रोज सकाळी तो तिथे उभा राहून हाताने इशारा करी, मग बस सुटे. तू इशारा केल्याशिवाय एकही ड्रायव्हर गाडी हलवत नाही, असं बापाने त्याला पढवून ठेवलं होतं.

“घरी कधी?” त्याने विचारलं. “बस अडकल्या असतील ना!”

“जाऊ की. आता डॉक्टर अजून एकदा डोकं उघडणार, स्क्रू घट्ट करणार, की निघालो आपण.”

“माझा स्क्रू ढिला आहे?”

“तुझा नाही रे राजा. माझा.”

“मग तुझं उघडा!” भुंगा म्हणाला, आणि शेजारच्या खाटेवरची आजारी मुलगीसुद्धा हसली. बाप सगळ्यांत मोठ्याने हसला.

दुभाषी दारातूनच परत फिरली.

चहाच्या खोलीत आक्का होत्या. सगळ्या दुभाषींच्या त्या प्रमुख, आणि जिभेला हाड नसलेल्या. दुभाषीने त्यांना सगळं सांगितलं.

“तू काय म्हणालीस? तत्त्वतः? बरोबर आहे की.”

“बरोबर आहे तेच तर चुकलंय, आक्का. त्यांना वाटतंय मूल वाचणार. ते ऑपरेशन करून घेतील. तो नळ्या लावलेलाच जाईल, अतिदक्षता विभागाच्या काचेच्या खोलीत, आईला हातसुद्धा लावता येणार नाही. डॉक्टरांना म्हणायचं होतं, नाही. मी म्हणाले, आहे.”

“डॉक्टरांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी गोल बोलायचं आणि आपण चौकोनी करून द्यायचं, याचा पगार मिळतो का तुला?” आक्कांनी चहात बिस्किट बुडवलं; ते तुटून पडलं. “छे! हे बघ पोरी, खरं-खोटं त्यांचं, रडणं आईबापांचं, आपला नुसता आवाज. शंका असली तर बैठकीत हात वर करायचा, ‘दुभाषी विचारते आहे’ असं म्हणायचं. तेवढी एक फट आहे आपल्याला.”

“पण मला शंका नाही. मला माहीत आहे.”

“मग हात खाली ठेव,” आक्का म्हणाल्या आणि चमच्याने बिस्किट शोधू लागल्या.

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा तांदूळ धूत होता आणि अडीच वर्षांची लेक त्याच्या पायात पायात करत होती. आईला पाहिल्यावर तिने आपला मोर्चा इकडे वळवला. दुभाषी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. लेक घड्या मोडायला बसली.

“आई, हत्ती उडतो?”

“पंख असते तर उडला असता,” दुभाषी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. इवल्याशा मोज्यांची जोडी जुळत नव्हती.

लेक उठून गेली. बऱ्याच वेळाने घर फारच शांत वाटलं म्हणून तिने पाहिलं, तर लेक खिडकीपाशी स्टूल ओढून, काचेला नाक लावून बसलेली.

“काय बघतेस गं?”

“हत्ती.”

“अगं, हत्ती नाही यायचा.”

“तू म्हणालीस, उडतो.”

“मी म्हणाले, पंख असते तर.”

“हो. पंख,” लेक समजुतीने म्हणाली, जणू आईचंच काहीतरी अर्धवट राहिलं होतं ते तिने पुरं केलं, आणि पुन्हा काचेला नाक लावलं.

दुभाषी हातात एक मोजा घेऊन तिथेच उभी राहिली. मग स्टुलाशी गुडघे टेकून बसली. लेकीच्या मानेला साबणाचा आणि घामाचा वास येत होता. गेल्या हिवाळ्यात तिला ताप भरला होता, तेव्हा याच मानेवर हात ठेवून दुभाषीने डॉक्टरला विचारलं होतं, बरी होईल ना? डॉक्टर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला होता, आणि तिने त्यातलं तिला हवं तेच ऐकलं होतं. ती बरी झाली होती, म्हणून त्या ऐकण्याची किंमत तिला कधी मोजावी लागली नव्हती.

“सोन्या,” ती म्हणाली, “हत्ती उडत नाही. कधीच उडत नाही.”

लेकीने तिच्याकडे वळून पाहिलं. खालचा ओठ पुढे आला. आणि मग तिने असा काही टाहो फोडला, की तो हत्ती जणू आताच, तिच्या डोळ्यांदेखत, आभाळातून खाली कोसळला.

नवरा ओल्या हातांनी धावत आला. “काय केलंस तिला?”

“खरं सांगितलं.”

“जेवणाआधी?”

लेक जेवली नाही. हुंदके देत तिच्याच खांद्यावर झोपली. झोपेतही मध्येच एखादा हुंदका येई, आणि त्या एवढ्याशा पाठीच्या आत काहीतरी धडपडून पुन्हा शांत होई. दुभाषी तिला थोपटत राहिली. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही तिला वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की खरं सांगितल्यावर मूल रडतं, पण रडताना येतं तुमच्याच खांद्यावर.

तिसऱ्या दिवशी बाप इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातांवरचं ग्रीस घासून घासून काढलेलं, नखांच्या कडा लाल झालेल्या. खोलीत मोठ्या डॉक्टर होत्या, वॉर्डातल्या सिस्टर होत्या. दुभाषी आपल्या खुर्चीवर, अर्धा हात मागे.

“आमचं ठरलं,” बाप म्हणाला. “करून टाका ऑपरेशन.”

दुभाषीने ते पलीकडे नेलं. डॉक्टरांचा चेहरा हलला नाही, पण सिस्टर खाली फरशीकडे बघू लागल्या.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मी तुमच्या निर्णयाचा मान राखते.” आणि सांगू लागल्या: सकाळी लवकर घेऊ. आदल्या रात्रीपासून खायला काही नाही. नंतर तो काचेच्या खोलीत राहील, भेटायला एका वेळी एकच जण. दुभाषी एकेक वाक्य उचलून इकडे ठेवत होती. उपाशी ठेवायचं. काचेची खोली. एकच जण.

“आत मी जाते पहिली,” आई बापाला म्हणाली. “तुम्ही रडवाल त्याला.”

“मी रडवतो? मी हसवतो त्याला!”

हे वाक्य आता तिला इंग्रजीत न्यायचं होतं. मी रडवतो? मी हसवतो त्याला. तिने तोंड उघडलं, आणि तिचा हात वर गेला. शाळेत जातो तसा, कोपरात वाकलेला.

“दुभाषी विचारते आहे,” ती आधी इंग्रजीत म्हणाली, मग आपल्या भाषेत. दोघांनाही कळावं असा नियमच होता. “परवा डॉक्टर म्हणाल्या, शक्यता थिअरेटिकल आहे. त्याचं मी भाषांतर केलं, तत्त्वतः. दुभाषीला तो शब्द नीट पोचवायचा आहे. म्हणून विचारते: भुंग्यासारख्या मुलाच्या बाबतीत असं झालेलं, गाठ निघाली आणि मूल बरं झालं असं, डॉक्टरांनी कधी पाहिलंय का?”

खोलीत एकदम सगळे तिच्याकडे बघू लागले. तिची खुर्ची ज्यासाठी मागे ठेवली होती, ते सगळं फुकट गेलं.

डॉक्टरांनी या वेळी चष्मा काढला नाही. हळू, सावकाश, छोट्या छोट्या वाक्यांत बोलल्या. अशी वाक्यं दुभाषींना सोपी पडतात. ही पडली नाहीत.

“नाही,” दुभाषी म्हणाली. “मी पाहिलेलं नाही. कुणी पाहिल्याचं मी ऐकलेलंही नाही. ते नुसतं बोलण्यापुरतं आहे. तो वाचणार नाही. ऑपरेशन केलं तरी नाही, नाही केलं तरी नाही. माझ्याच्याने ‘नाही’ म्हणवेना, म्हणून मी तो शब्द वापरला.”

म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की शेवटचं वाक्य कुणाचं ते तिलाच सांगता आलं नसतं.

बाप हसल्यासारखा झाला. “म्हणजे? परवा हो, आज नाही?” त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. “परवा हो म्हणाल्या ना या? तू ऐकलंस ना?” त्याने बायकोला विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पूर्ण मागे वळली होती, दुभाषीकडे.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “बाहेर. त्या शब्दाचा अर्थ विचारला होता मी. तेव्हा का नाही सांगितलंत?”

नियम असा, की खोलीत जे बोललं जातं ते सगळं पलीकडे जायला हवं. दुभाषीने नेलं. तेव्हा का नाही सांगितलंत? डॉक्टरांना वाटलं, हे आपल्याला विचारलंय. त्या पुढे झुकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि दोनच शब्द बोलल्या.

“माझं चुकलं,” दुभाषी म्हणाली.

“कुणाचं?” बाप ओरडला. तो उभा राहिला होता. “नीट सांगा! चुकलं कुणाचं? त्यांचं की तुमचं?”

हेही पलीकडे न्यायला हवं होतं. तिने नेलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या खोलीत, ती स्वतःच्या तोंडाने बोलली.

“दोघींचं,” ती म्हणाली. “मला अर्थ माहीत होता, दादा. मी भ्याले.”

डॉक्टर विचारत होत्या, काय म्हणाले ते? तुम्ही काय म्हणालात? दुभाषीने त्यांनाही सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, एकदाच, स्वतःशीच.

बाप उभाच होता. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्याने ओढून ओढून चुरगाळली. “मला ती शक्यता हवी होती,” तो म्हणाला. आवाज आता खाली गेला होता. “खोटी तर खोटी. तुम्हीच आणून दिलीत, आता तुम्हीच काढून घेता. असं पोराच्या हातातलंसुद्धा कुणी काढून घेत नाही हो.” आणि दार उघडून तो बाहेर गेला. दार हळू मिटणारं होतं. आपटायला गेला तरी ते आपटलं नाही.

मागे आई राहिली. तिने टिशूच्या खोक्याला हात लावला नाही. डोळे कोरडेच होते, आणि म्हणूनच बघवत नव्हते.

“डॉक्टरांना विचारा,” ती म्हणाली. तिने नावाने, ताई म्हणून, कशानेच हाक मारली नाही. “घरी नेला तर तो बोलेल का? आहे तोवर?”

“बहुतेक बोलेल. हळूहळू जास्त झोपेल. मग बोलणं कमी होईल.”

“दुखेल?”

“दुखू नये म्हणून मी औषध देईन. ते कसं द्यायचं ते सिस्टर शिकवतील.”

“खिडकीत उभा राहील?”

डॉक्टरांना हा प्रश्न कळला नाही. दुभाषीला कळला होता. पण समजावून सांगणं तिचं काम नव्हतं, आणि आज तिने तो नियम पाळला. आईनेच सांगितलं: डेपोचं फाटक, बस, इशारा. दुभाषीने एकेक पलीकडे नेलं. मोठ्या डॉक्टरांनी हळूच उत्तर दिलं.

“उभा नाही,” दुभाषी त्यांच्यासाठी म्हणाली. “पण कुणी धरलं तर. थोडे दिवस.”

“धरीन,” आई म्हणाली, आणि पदर सावरावा तशी कुडत्याची बाही सावरत उठली. दारात थांबून, मागे न बघता म्हणाली, “औषधाचं शिकवायला दुसरी बाई पाठवा. मला यांचा आवाज नको.”

हेही दुभाषीने इंग्रजीत सांगितलं. मला यांचा आवाज नको.

औषधाचं शिकवायला आक्का गेल्या. गालाच्या आत किती थेंब टाकायचे, झोपेत श्वास लागला तर कुशीवर कसं वळवायचं, हे सगळं. परत आल्या तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही. “चटकन शिकली ती,” एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने: “तुझ्याविरुद्ध तक्रार नाही आली. डॉक्टरांनी सांगितलंय, त्या बैठकीला जे झालं ते त्यांच्यावर.” मग पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिल्या, आणि काही न काढताच ती मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुभाषी डोळ्यांच्या विभागाकडे निघाली होती. तिथे एका म्हाताऱ्याला मोतीबिंदू समजावून सांगायचा होता. लिफ्टपाशी आली तर समोर तेच तिघं. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या. बापाने भुंग्याला कडेवर घेतलं होतं, डोक्यावर लोकरी टोपी घालून. बाप रात्रभर कुठे होता, पोराला घरी न्यायला तो कधी राजी झाला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगावर कालचाच शर्ट होता.

आईने मान फिरवली. बापाने मात्र दुभाषीकडे पाहिलं, आणि बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता का, तेही तिला नीट वाचता आलं नाही. माणसं काय बोलतात तेवढंच तिला येत होतं.

लिफ्टला वेळ लागत होता. भुंग्याने टोपी एका हाताने मागे सारली. बापाच्या कानाशी तोंड नेलं, पण चार वर्षांच्या मुलांना कुजबुजता येत नाही. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

“बाबा, परत यायचंय का इथे?”

बापाने दुभाषीवरची नजर काढली नाही. जिभेवर कितीतरी शब्द येऊन गेले असतील. बघू, सांगतील, बरा झालास की. असे शब्द सगळ्या आईबापांजवळ असतात, आणि ते वापरले म्हणून त्यांना कुणी बोल लावत नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“कधीच?”

“कधीच नाही.”

भुंगा खूष झाला. टाळी वाजवायला त्याला दोन हात नव्हते, म्हणून त्याने आपला चांगला हात बापाच्या छातीवर आपटला, पुन्हा आपटला, आणि बाप ते सोसत लिफ्टचं दार उघडायची वाट बघत उभा राहिला.